गोष्टीत पोरं मारायची नोकरी

तरुणपणी मी अमरावतीत पोरं मारायच्या नोकरीवर होतो. एवढं वाचून ज्यांनी अंक मिटला नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहितो. पोरं गोष्टीतली होती. तरी त्यांच्या रडण्याचा आवाज मी इतका हुबेहूब काढत असे, की एकदा शेजारची एक बाई लाटणं घेऊन धावत आली होती. ती मला मारायला आली आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. मला वाटलं, दाद द्यायला आली.

या अंकाचे संपादक माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. त्यांच्या मासिकात एक कादंबरी क्रमशः चालू आहे, आणि मागच्या खेपेला तिच्यातली एक लहान मुलगी सावत्र बापाच्या माराने मेली. तेव्हापासून वाचक त्यांच्यावर उखडले आहेत. कोणी म्हणतो, असलं लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी देऊ नका. कोणी म्हणतो, पुढच्या अंकात ती शुद्धीवर येते असं छापा. संपादक घाबरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘नाना, तुम्ही या विषयातले जाणते, दिवाळीला काहीतरी लिहा.’ सत्तरी ओलांडली की माणसाला कशातला जाणता ठरवतील याचा नेम नाही.

मी मूळचा पुण्याकडचा. वडिलांनी कीर्तन शिकवलं, पण त्यांचा आवाज काही माझ्याकडे आला नाही. मी आख्यान लावलं की श्रोत्यांत फक्त मृदंगवाला जागा असायचा, आणि तोही पोटासाठी. त्या सुमारास अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत असा भाव आला की काल बैलाच्या मागे चालणारा माणूस आज बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागला. वऱ्हाडात सगळ्यांनाच काम मिळतं असं ऐकून मीही आलो. सगळ्यांत मीही मोडतो की नाही, एवढीच शंका होती.

अमरावतीत एका शेठजींचं मोठं कोठार होतं. त्यात ओळीने रेचे मांडलेले असत. रेचा म्हणजे दोन लाटांचं, म्हणजे रुळांचं, लाकडी यंत्र. हाताने दांडा फिरवायचा आणि लाटांमध्ये कापूस सारायचा, की पलीकडून रुई बाहेर पडते आणि सरकी अलीकडे गळते. हे काम बायकांचं. दिवसभर हात फिरवून खांदे उतरायचे, आणि रुईचे तंतू नाकातोंडात जायचे ते वेगळंच. त्या तेजीत प्रत्येक व्यापाऱ्याला बायका हव्या होत्या. शेजारचा व्यापारी मजुरी वाढवून द्यायचा. आमच्या शेठजींचा हात तेवढा सैल नव्हता. त्यांनी मजुरी न वाढवता बायकांना गोष्टी ऐकवायला मला ठेवलं. मी स्वस्त पडलो.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी बैठक मारून ‘आटपाट नगर होतं’ म्हणालो, तर सगळे रेचे थांबले. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे मला माहीत नव्हतं. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं की माझे सगळे मामा देवाघरी गेलेत, आता कोणी चुकायचं राहिलं नाही. एक बाई म्हणाली, ‘तुमचे मेले बुवा, आमचे जित्ते हायेत.’ शेवटी मुकादम रहीमभाईंनी तोड काढली. कोठाराचं दार लावून घेतलं, झरोक्यांवर पोती टांगली आणि जाहीर केलं की आत रात झाली. मामांची सोय झाली. माझी अशी झाली की बंद कोठारात उडणारी सगळी रुई माझ्यावर येऊन बसू लागली, आणि संध्याकाळी मी बाहेर पडलो की कुत्री भुंकत.

दुसरी गोष्ट मी शिकलो ती हुंकाराची. आमच्याकडे कीर्तनात श्रोते माना डोलावतात. वऱ्हाडात गोष्टीला हुंकारी लागतो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने प्रत्येक वाक्यामागे ‘हूं’ म्हणायचं, मग सांगणाऱ्याने पुढचं वाक्य उचलायचं. हुंकार नाही तर गोष्ट नाही. हुंकाराशिवाय पुढे सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या मानगुटीवर बसते, असं बायका म्हणत.

आमच्या कोठारात हुंकार गिरजाबाईचा. आडव्या बांध्याची, गालात तंबाखू, आणि ‘हूं’ मात्र असा की त्यात सगळं यायचं. एक ‘हूं’ म्हणजे मग काय झालं. एक म्हणजे थापा पुरे. एक असा लांब ओढलेला, की बुवा, हे राजवाड्याचं वर्णन आता आवरतं घ्या. मला टीकाकार पुढे पुष्कळ भेटले, पण एका अक्षरात माझी किंमत करणारी तीच.

पोरं मारण्याचा शोध मला अपघाताने लागला. सुरुवातीला मी राजे, लढाया, स्वयंवर असला माल काढायचो. रेचे आपले रमतगमत चालायचे. एक दिवस विषय संपला म्हणून सावत्र आईची गोष्ट सुरू केली. तिने पोराला उपाशी कोंडलं मात्र, रेच्यांचा आवाज एकदम चढला. मी बघतो तर बायका दात आवळून दांडे फिरवताहेत. डोळ्यांत पाणी आणि हातांना जोर. पोराला डाग दिला तेव्हा तर एक दांडाच मोडला. संध्याकाळी रुईचा ढीग नेहमीपेक्षा मोठा. शेठजींनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच येऊन विचारलं की आज कोण मरणार आहे.

मला वाटलं, आपण कलावंत झालो. मग मी हात राखला नाही. पोरं विहिरीत ढकलली, रानात सोडली, विकली, एक तर भाकरीच्या तुकड्यासाठी मामाकडून मारवलं. धंद्याची युक्ती सांगतो. पोरगं नुसतं मारून चालत नाही. ‘एक मुलगा होता, तो मेला’ म्हटलं तर कोणी दांडा जोरात फिरवत नाही. आधी त्याला एखादी खोड द्यावी लागते. तो चिंचेचे चिचोके गालात ठेवून बोलतो, किंवा शेळीला ‘मावशी’ म्हणतो. मग बायका त्याला आपला म्हणतात. मग मारायचा. संपादकांच्या कादंबरीकारालाही ही युक्ती ठाऊक असावी, असं त्याने त्या मुलीच्या हातात दिलेल्या मोडक्या बाहुलीवरून वाटतं.

ऐकणाऱ्यांचे प्रकार फार. भातकुलीकडचा एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला होता. भाव ठरेपर्यंत कोठाराच्या दाराशी बसून त्याने सावत्र आईची गोष्ट ऐकली. संध्याकाळी मला गाठून त्याने गावाचं नाव विचारलं. मी म्हटलं, गोष्टीतलं गाव आहे. ते ठीक आहे, पण तिथे पाटील नाही का, कोतवाल नाही का, शेजारी बहिरे आहेत का, असं त्याचं सुरू झालं. मी टाळाटाळ केली तसा त्याला माझाच संशय आला. मला सगळं ठाऊक असून मी गप्प बसलो, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. जाताना तो रहीमभाईंना सांगून गेला की या माणसावर नजर ठेवा, याच्या डोळ्यांसमोर पोरं मरतात आणि हा बसून पाहतो.

मी हे हसत हसत सगळ्यांना सांगत फिरलो. तो गेला तेव्हा माझ्या डोक्यात माझी सगळ्यात मोठी गोष्ट शिजत होती, आणि मोठी गोष्ट शिजत असली की मला दुसऱ्याचं काही ऐकू येत नसे.

ती गोष्ट विहिरीची. एका गावाने विहीर खणली, पाणी लागेना. कोणी तरी सांगितलं, पोराचा बळी द्या. पैसेवाल्यांनी आपापली पोरं घरात लपवली, आणि सगळ्यांचं बोट एका विधवेच्या पोराकडे गेलं. नाव किसन्या. आईला खरं सांगायचं नाही म्हणून गावाने तिला सांगितलं की पोराला कौंडण्यपूरच्या जत्रेला नेतो. त्याला नवी टोपी आणली, नव्या वहाणा आणल्या. जन्मात कधी वहाणा घातल्या नव्हत्या, म्हणून त्याने डावी उजव्या पायात घातली आणि उजवी डाव्या पायात, आणि तसाच फटक फटक करत खुशीत निघाला. या उलट्या वहाणा माझ्या स्वतःच्या डोक्यातल्या. त्या सुचल्या त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका स्वतःवर खूश होतो.

गोष्ट मी पुष्कळ दिवस लांबवली. कोठार भरून वाहत होतं. शेजारच्या व्यापाऱ्याकडच्या बायकासुद्धा आमच्याकडे येऊ लागल्या. गाड्या मुंबईच्या वाटेला लावायच्या होत्या, शेठजींना घाई होती, आणि किसन्या विहिरीत पडला की उरलेला सगळा कापूस एका दिवसात निघेल असा त्यांचा हिशोब होता. मी तो दिवस ठरवला. आंघोळ करून, गंध लावून बसलो.

‘किसन्या विहिरीच्या काठावर आला,’ मी म्हणालो.

हुंकार आला नाही. मला वाटलं, गिरजाबाई तंबाखू थुंकायला गेली. पाहिलं तर समोरच बसलेली, दांडा हातात, रेचा थांबलेला. मी वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. मग शेजारचा रेचा थांबला, त्याच्या पलीकडचा थांबला, आणि कोठारात इतकी शांतता झाली की बाहेर बैल रवंथ करताना ऐकू येऊ लागले.

‘मी नाई देत हुंकार,’ गिरजाबाई म्हणाली.

मी समजूत घातली. म्हटलं, बाई, गोष्ट आहे, खरं का आहे? पुण्याकडची माझी जीभ अशा वेळी फार गोड होते.

‘गोष्टच हाये, त मंग काहून मारता?’ ती म्हणाली. ‘खऱ्यातलं कोनाच्याच हातात नसते बुवा. हे त तुमच्या हातात हाये.’

मग मी व्याख्यान दिलं. करुणरस म्हणजे काय, बळी दिल्याशिवाय विहिरीला पाणी कसं लागेल, आणि पाणी लागलं नाही तर गोष्टीला अर्थ काय राहील, हे सगळं सांगितलं. बायका शांतपणे ऐकत होत्या, हात मात्र मांडीवर. मी दुसऱ्या बाईला हुंकार द्यायला सांगितलं. तिने पदर तोंडात धरला. तिसरीने सरळ उठून कपडे झटकले, आणि तिच्या मागे आणखी चार-दोन उठल्या. शेजारच्या व्यापाऱ्याचं दार उघडंच होतं. बायका तिकडे गेल्या तर माझी नोकरी त्याच दिवशी संपणार, हे सांगायला रहीमभाईंची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. मग ते स्वतःच हुंकार द्यायला बसले. दाढीवरून हात फिरवून मोठा ‘हूं’ केला. मी किसन्याला एक पाऊल पुढे घेतलं, आणि रहीमभाई उठून उभे राहिले. म्हणाले, ‘बुवा, ये मेरे से नहीं होता.’ आणि बाहेर जाऊन बैलांवर ओरडू लागले.

शेवटी शेठजी आले. अंगावर मलमल, पायात जरीची जूती. आपण स्वतः हुंकार देतो म्हणाले आणि रुईच्या ढिगावर टेकले. मला हायसं वाटलं. गाड्या अडलेल्या असताना हा माणूस कचरणार नाही, अशी माझी खात्री होती. मी गोष्ट थोडी मागून घेतली. टोपी आली, हूं. वहाणा आल्या, हूं. किसन्याने त्या उलट्या घातल्या आणि फटक फटक निघाला. शेठजी गप्प. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

‘पहले उसकी जूती तो सीधी कर दो,’ शेठजी म्हणाले.

मी म्हटलं, शेठजी, त्यातच तर गोष्टीची खुबी आहे. खुबी राहू द्या, आधी वहाणा सरळ करा, असा त्यांचा हेका. मी वहाणा सरळ केल्या. मग म्हणाले, ऊन फार असेल, त्याला थोडा वेळ बसू द्या. मी बसवलं. मग त्याची आई कुठे आहे असं विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता या कोठारात तो पोरगा विहिरीत ढकलणारा मी एकटाच उरलो होतो.

मी हार मानली, आणि तीही काही उदारपणे नाही. रुसलेल्या आवाजात म्हणालो, बरं, नाही मारत, किसन्या घरी गेला, पाणी लागलं नाही, गाव तहानेने मेलं, गोष्ट संपली.

‘काहून संपली?’ गिरजाबाई म्हणाली. ‘खंदा ना अजून. हूं.’

आणि तिने दांडा फिरवला.

तिथून पुढे ती गोष्ट माझी राहिली नाही. गाव खणत राहिलं. मी पाणी लावायला उतावीळ झालो, तर बायका लावू देईनात. इतक्यात पाणी लागत नसते, आमाले मालूम हाये, असं म्हणत. मुरूम लागला, मग काळा पत्थर लागला. पैसेवाल्यांना हातात कुदळ घ्यायला लावली, त्या दिवशी कोठारात हशा पिकला. किसन्या नव्या वहाणा घालून माती वाहून नेऊ लागला. रुई पहिल्यापेक्षा काही कमी निघत नव्हती, आणि शेठजी रोज सकाळी ढिगाकडे बघायच्या आधी मला विचारू लागले की आज कुठवर खणलं. मला मात्र मनातून अपमान वाटत होता. माझ्या करुणरसाचं या बायकांनी मातकाम करून टाकलं होतं.

आणि एक दिवस मुंबईहून बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला की ज्यांनी बैलांच्या शिंगांना शेंब्या बसवल्या होत्या त्यांनी त्या काढून विकल्या. शेठजींचं कोठार बंद झालं. रेचे एकावर एक रचून ठेवले. विहीर अजून कोरडीच होती. बायकांना शेतांची कामं बघायची होती, गोष्ट ऐकायला कोण थांबणार? गिरजाबाई जाताना दाराशी थांबली. मला वाटलं, निदान आता माझ्या वर्णनशक्तीबद्दल दोन शब्द बोलेल.

‘पोराकडं ध्यान ठेवजा बुवा,’ ती म्हणाली, आणि गेली. पुन्हा कधी भेटली नाही.

मी फिरत फिरत अकोल्याला गेलो. पुष्कळ महिने काम नव्हतं आणि अंगावर एकच धोतर राहिलं होतं. तिथल्या एका व्यापाऱ्याचं कोठार अजून तग धरून होतं. त्याने माझी विहिरीची गोष्ट ऐकली होती, म्हणजे कोणाकडून तरी तिच्याविषयी ऐकलं होतं. त्याने मला साफ सांगितलं की खणणं-बिणणं काही नको. पोरगा विहिरीत पडला पाहिजे, त्याने बायकांचे हात चालतात. नाही जमणार तर आत्ताच सांगा, दुसरा गोष्टीवाला दारात उभा आहे. मी म्हटलं, जमेल. दोन वेळच्या जेवणाच्या आशेने मला सगळं जमत असे.

त्याच्याकडे हुंकारीही पगारी होता. अमरावतीची हकिगत त्याच्या कानावर गेली असावी, म्हणून त्याने बायकांवर ते काम सोपवलंच नव्हतं. एक लांबोडक्या तोंडाचा माणूस भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा आणि प्रत्येक वाक्यामागे एकसारखा ‘हूं’ द्यायचा, राजाला तेवढाच आणि रेड्याला तेवढाच. इथेही दार लावून आत रात्र केलेली असे, आणि बायका खाली माना घालून रेचे फिरवत. हुंकार एकाचा ठरला की दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा तिथला रिवाज.

मी गोष्ट आणली काठापर्यंत. टोपी, हूं. वहाणा, हूं. त्या उलट्या घातल्या, हूं. फटक फटक निघाला, हूं.

‘किसन्या विहिरीच्या काठावर आला,’ मी म्हणालो आणि थांबलो.

‘हूं.’

मी बायकांकडे पाहिलं. कोणी मान वर केली नाही, पण एक-दोन रेचे हळू झाल्यासारखे वाटले. दाराशी व्यापारी उभा होता. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश, एक एक शब्द सोडत. खोकलो. पाणी प्यायलो. जगातल्या कोणत्याही गोष्टीवाल्याने इतका वेळ दिला नसेल.

‘हूं,’ तो म्हणाला.

‘अहो, काठावर आहे तो,’ मी म्हणालो.

‘हूं.’

मला त्या माणसाचा फार राग आला. त्याचं काही चुकत नव्हतं. तो त्याचं काम चोख करत होता, आणि मी त्याच्याकडे असा बघत होतो की हा आता उठेल आणि मला अडवेल. तो उठला नाही. कोणीच उठलं नाही.

मग मीच म्हणालो, ‘तेवढ्यात मागून त्याच्या आईची हाक आली, आणि किसन्या वळला आणि तिच्याबरोबर घरी गेला.’

व्यापाऱ्याने दार धाडकन उघडलं. कोठारात सगळीकडे उजेड झाला. हुंकाऱ्याने डोळे काही उघडले नाहीत.

‘हूं,’ तो म्हणाला.